अचानक व्हायरल झालेल्या माणसाची विज्ञान कादंबरी कशी लिहावी: सोलापुरातल्या एका नळापासून सुरुवात

एखादं माणूस रातोरात व्हायरल होतं, ही गोष्ट आता बरेच जण लिहायला घेतात, आणि बहुतेकांची गाडी पन्नासाव्या पानावर अडकते. कारण एकच असतं. व्हिडिओ व्हायरल का झाला, हे लेखकानं ठरवलेलंच नसतं. ‘झाला’ म्हणून तो पुढं जातो. सामाजिक कादंबरीत हे एक वेळ खपून जाईल. विज्ञान कादंबरीचा वाचक मात्र यंत्रणा बघायलाच आलेला असतो. म्हणून पात्रं, शेवट, शीर्षक सगळं बाजूला ठेवा आणि एका कागदावर आधी एवढंच लिहा: या जगात लोकांचं लक्ष कोण वाटतं, आणि कोणत्या नियमानं?

नियम शोधायला दूर जायची गरज नाही. सोलापुरात राहणाऱ्याला वाटप म्हणजे काय, हे नळ शिकवतो. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येतं आणि गावाला पाळीनं मिळतं. पाणी कधी सुटणार, किती वेळ राहणार, चावी कोण फिरवणार, वरच्या अंगाला दाब का कमी, शेजाऱ्यानं नळाला मोटार लावली की आपली धार का बारीक होते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आता ‘पाणी’ या शब्दाच्या जागी ‘लक्ष’ घालून बघा.

पुढचं सगळं उदाहरण याच बीजावर चालवतो, म्हणजे पायऱ्या हवेत राहणार नाहीत. साल २०४३. लोकांचं लक्ष पाळीनं वाटलं जातं. दर पाचव्या दिवशी एका प्रभागाची पाळी, तेवढ्या दिवशी त्या प्रभागातले व्हिडिओ बाहेरच्यांना दिसतात. अपवाद एकच: कुणाचा जीव धोक्यात आहे असं यंत्राला वाटलं, तर त्या व्हिडिओपुरती चावी पूर्ण उघडायची.

बस, एवढाच नवा नियम. दुसरा घालायचा नाही. उडत्या गाड्या, मेंदूत चिप, मंगळावरची वसाहत यांतलं काहीही यात मिसळलं की वाचकाला कोणता धागा धरायचा ते कळेनासं होतं. नियम एक आणि अपवाद एक. कादंबरीचं सगळं नाट्य त्या अपवादातून निघालं पाहिजे.

नळाची उपमा शेवटपर्यंत वापरायची असेल तर तिचे सगळे भाग तपासून घ्या. पाणी येण्याआधी नळातून हवा फुसफुसते: प्रसिद्धीच्या आधीही खोट्या सूचना येतात, आकडा हलतो आणि थांबतो. पहिलं पाणी गढूळ येतं, ते भरत नाहीत: पहिले बघणारेही बहुधा चुकून आलेले असतात. मोटार लावणारा म्हणजे बनावट खाती लावून दुसऱ्याच्या वाट्याचं लक्ष ओढणारा माणूस. आणि चावीवाला हवाच. तो खलनायक नको. त्याला वरून आलेलं वेळापत्रक पाळायचं असतं आणि शिव्या मात्र गल्लीच्या खाव्या लागतात. या चार जागा जुळल्या की उपमा कादंबरीभर टिकते. एखादी जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका, ती सोडून द्या.

ठिणगी: यंत्राला काय ऐकू आलं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. यावर आठवडा घालवला तरी तो वाया जात नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पट्ट्यात, एका वाक्यात दोन-तीन भाषा सहज येतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. माणसाला यात अडचण येत नाही. बोलणं ऐकून ते लिहून काढणारं यंत्र मात्र बहुतेक वेळा एका वेळी एकच भाषा गृहीत धरतं. वाक्याच्या मध्येच भाषा बदलली की ते अनोळखी शब्दाला आपल्या भाषेतला जवळचा शब्द चिकटवतं. ही खरी, आजची उणीव आहे आणि कादंबरीला ती आयती मिळते.

समजा, गल्लीतल्या साठीच्या बाईचं नाव नरसव्वा. घरी विड्या वळते. सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी नळाला पाणी आलं आणि तिनं गल्लीला हाक दिली: ‘नीळ्ळु वच्चिनय!’ तेलुगूत याचा अर्थ ‘पाणी आलं’. प्रभागाच्या पाळीचा दिवस म्हणून नात फोन धरून चित्रीकरण करत होती. मराठीवर लावलेल्या यंत्रानं खाली अक्षरं उमटवली: ‘निळू वाचेना!’

मरणाची भाषा, एक नाव, वरच्या पट्टीतला आवाज. यंत्राच्या दृष्टीनं जीव धोक्यात. चावी पूर्ण उघडली. आता अख्खा देश एका न जन्मलेल्या निळूसाठी जीव टाकतो आहे आणि नरसव्वा घागरी भरते आहे.

या ठिणगीत काय काय साधलं, ते बारकाईनं बघा. चूक कुणाच्या दुष्टपणातून झालेली नाही. ती त्याच गावात, त्याच गल्लीत होऊ शकते. नव्या नियमाचा अपवाद तिच्यामुळे कामाला लागला. आणि नायिकेनं काहीही ‘केलेलं’ नाही. अचानक मिळालेल्या प्रसिद्धीचं खरं दुखणं हेच असतं, की माणूस ज्यासाठी ओळखला जातो ते त्याचं नसतंच. तुमची ठिणगी वेगळी असली तरी या चारही गोष्टी तिच्यात आहेत का, ते तपासा. नायिका सुंदर गाते आणि म्हणून व्हायरल होते, ही ठिणगी कच्ची आहे. तिथं प्रसिद्धी म्हणजे बक्षीस होतं आणि कादंबरी बक्षीस समारंभ.

पाण्याचं बीज नको असेल तर चादरीचा जॅकार्ड माग बघा. छिद्रांच्या कार्डांवर नक्षी चालते: छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेली ही पद्धत पुढं गणकयंत्रांच्या पंच कार्डांपर्यंत गेली. एक कार्ड चुकीच्या जागी ओवलं तर नक्षीत काय होतं, हे एखाद्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करून लावून देणाऱ्याला, विचारा. तिथंही कादंबरी आहे.

आकड्यांचा हिशोब आधी, प्रकरणं नंतर

प्रसार कसा वाढतो, हे हातानं मांडल्याशिवाय प्रकरणं पाडू नका. समजा, दर ४० मिनिटांनी बघणारे दुप्पट होतात. सकाळी ६.१० ला एक माणूस. दहा वेळा दुप्पट झाल्यावर, म्हणजे दुपारी १२.५० ला, फक्त १,०२४. पंधरा वेळा झाल्यावर ४.१० ला ३२,७६८. सतरा वेळा, संध्याकाळी ५.३० ला, १,३१,०७२. आणि वीस वेळा, ७.३० ला, १०,४८,५७६.

निम्मा दिवस संपला तरी आकडा हजारावरच आहे. गल्लीला पत्ताही नाही. मग चहाच्या वेळेपासून दिवे लागेपर्यंत सगळं कोसळतं. बहुतेक लेखक इथं चुकतात. ते पहिल्या तासापासून फोन वाजवत ठेवतात आणि चढ सरळ रेषेत दाखवतात. खरा चढ आधी सपाट, मग एकदम उभा, आणि शेवटी परत सपाट असतो, कारण न बघितलेले लोक कमी कमी होत जातात. म्हणून दुपारपर्यंतची दोन प्रकरणं शांत ठेवायचं धैर्य हवं. वाचकाला माहीत आहे, नरसव्वाला माहीत नाही. ताण तिथूनच येतो.

तिला कळत का नाही, याचंही कारण हवं आणि ते तिच्या हातांत आहे. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापलेला तुकडा, त्यात चिमूटभर तंबाखू, मग बोटांनी वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं, सुपात टाकायचं. परत पुढचं पान. दोन्ही हात गुंतलेले आणि बोटांना तंबाखूची भुकटी. फोन हातात घ्यायचा तर उठावं लागतं, हात धुवावे लागतात, आणि मोजून द्यायच्या विड्या कमी पडतात. म्हणून तिचा फोन दुपारभर कोनाड्यात पालथा पडलेला. असं एक साधं, शारीरिक कारण पानभर समजावण्यापेक्षा जास्त काम करतं.

उताराचाही हिशोब मांडा. समजा, बघणारे दर दोन दिवसांनी निम्मे होतात. दहा लाखांवरून हजारावर यायला दहा वेळा निम्मं व्हावं लागेल, म्हणजे २० दिवस. चढायला तेरा तास वीस मिनिटं, उतरायला वीस दिवस. कादंबरीचं मोठं अंग उतारात आहे, आणि उतार लिहायला कुणी तयार नसतं.

इथं आणखी एक गोष्ट जुळवता येते. कादंबरीत पाणी चार दिवसांआड नको, दर चौथ्या दिवशी ठेवा. लक्षाची पाळी दर पाचव्या दिवशी. दोन्ही एकाच दिवशी यायला वीस दिवस लागतात. पहिला दिवस असाच जुळलेला होता, आणि त्यानंतरच्या विसाव्या दिवशी, प्रसिद्धी ओसरते तेव्हा, दोन्ही परत एकत्र येतात. शेवटचा प्रसंग कुठं घडणार हे तुम्हाला आपोआप मिळालं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा आणि ते लिहिण्याच्या टेबलासमोर टांगा. ‘चार दिवसांआड’ आणि ‘दर चौथ्या दिवशी’ यांत एका दिवसाचा फरक आहे, तो मजकुरात कुठंही घसरू देऊ नका. चाणाक्ष वाचक मोजतो.

खऱ्या जगातले निर्बंधही कथानकाला धार देतात. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. म्हणजे प्रसाराचा वेग हा माणसांच्या उत्साहाइतकाच अशा एका आकड्यावरही ठरतो. तुमच्या २०४३ मध्ये हा आकडा किती आहे, कुणी ठरवला, कधी बदलला? आकड्यांना जागाही लागते: डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर एक गाणं इतक्या वेळा बघितलं गेलं, की ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ खणांत, साठवलेल्या मोजणीची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा अपुरी पडली. तिथून पुढं मोजायला ती ६४ बिटांची करावी लागली.

खऱ्या अ‍ॅपची नावं मात्र कादंबरीत घालू नका. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि त्या नावावर उभ्या असलेल्या गोष्टी एका रात्रीत जुन्या झाल्या. स्वतःचं नाव घडवा. ते गल्लीत उच्चारता येईल असं दोन-तीन अक्षरी हवं. ‘पाळी’ नकोच, त्याला दुसरा अर्थ चिकटलेला आहे आणि वाचक अडखळेल. ‘धार’ चालेल.

प्रकरणांची मापं

पहिल्या कादंबरीला ६०,००० शब्द पुरे. छापील पानावर साधारण २५० शब्द धरले तर २४० पानं. अडीच हजार शब्दांचं एक, अशी २४ प्रकरणं. पहिली चार ठिणगीच्या आधीची: गल्ली, नळ, पाळी, नात आणि चावीवाला. पाच ते दहा एकच दिवस. अकरा ते वीस उताराचे वीस दिवस, प्रत्येक प्रकरणाला दोन दिवस. शेवटच्या चारमध्ये विसाव्या दिवसाची सकाळ आणि त्यानंतरचा काळ. रोज ५०० शब्द लिहिले तर पहिला खर्डा १२० दिवसांत होतो. त्याहून जास्त एका दिवशी लिहू नका. दुसऱ्या दिवशीसाठी एक वाक्य अर्धवट सोडून उठा.

प्रतिक्रियांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दोन-दोन पानं लोकांच्या कमेंट उतरवून काढल्या की वाचक त्या ओलांडून पुढं जातो. एका प्रकरणात तीनपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक प्रतिक्रियेनं गल्लीत काहीतरी हललं पाहिजे. कुणी लिहिलं, ‘निळूला पुण्याला न्या’, तर संध्याकाळी दारात खरंच रुग्णवाहिका उभी राहिली पाहिजे.

निळूच्या नावानं पैसे गोळा करणारे येणारच. तिथं सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक १९३० कामाला येतो. सोलापूरकराला या आकड्यानं आधी मार्शल लॉ आठवतो. मे १९३० मध्ये गावात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. भिंतीवरचा तो क्रमांक बघून एखादा म्हातारा थबकतो, एवढं एक वाक्य पुरे. त्यावर भाष्य करू नका.

गाव कसं आणायचं

शेंगा चटणी, कडक भाकरी, चादर आणि गड्ड्याची यात्रा पहिल्याच पानावर आले की समजावं, लेखक बाहेरून बघतो आहे. गावच्या माणसाला चटणी दिसत नाही, ती संपली की दिसते.

गड्ड्याचा प्रसंग घ्यायचाच असेल तर कामाला लावा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. एवढी उंच काठी कमरेवर पेलणाऱ्यावर हजारोंच्या नजरा असतात. पण तो आधी सराव करून आलेला असतो, बाजूला सांभाळणारे हात असतात, आणि दमला तर काठी दुसऱ्याकडे जाते. नरसव्वावरही तेवढ्याच नजरा आहेत. तिला सराव नाही, बाजूला हात नाहीत, आणि ओझं उतरवून द्यायला दुसरी कंबर नाही. ही तुलना तुम्ही शब्दांत मांडू नका. नंदीध्वज पेललेला एखादा शेजारी गल्लीत ठेवा आणि तो तिला काय सांगतो ते लिहा. माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात चांगला संवाद इथं मिळेल.

उन्हाचा उपयोग करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून वाईट. फोन तापला की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. ऐन साडेपाचला, आकडा लाखावर गेलेला असताना, फोन बंद पडायला याहून खरं कारण दुसरं नाही. मात्र हे तपशील जानेवारीत बसून लिहू नका. त्याच महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या खोलीत तासभर बसून टिपा.

यंत्रमागाचा आवाज ‘खटखट’ म्हणून सोडू नका. घड्याळ लावून पंधरा सेकंदांतले ठोके मोजा, चारनं गुणा. मग एक माग थांबल्यावर बाकीच्यांचा आवाज कसा बदलतो ते ऐका. कुणाच्या घरी, कारखान्यात जाल तेव्हा विचारून जा. लोकांच्या नकळत रेकॉर्डिंग करू नका. विषयच असा आहे, की तुम्ही तेच केलंत तर पुस्तकाला अर्थ उरत नाही.

बोलीचं प्रमाण सांभाळा. ‘काय करलालीस गं?’, ‘येलालो की’, ‘चल बे’ एवढ्यानं सोलापूर कानात बसतं. प्रत्येक शब्द बोलीत मोडून लिहिला तर परभणीचा वाचक पान मिटेल. नात आजीला ‘अव्वा’ म्हणेल, आजी नातीशी तेलुगू आणि मराठी मिसळून बोलेल, चावीवाल्याला गल्ली ‘अहो चावीवाले’ म्हणेल आणि पाणी आलं नाही की अहो गळून पडेल.

आधी छोटी चाचणी

सगळी कादंबरी लिहिण्याआधी याच बीजाची २,५०० शब्दांची कथा लिहा आणि विज्ञानकथा स्पर्धेला पाठवा. मराठी विज्ञान परिषदेच्या अशाच स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. प्रसिद्धीवर लिहिणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

कथा उभी राहत नसेल तर बहुधा अपवादाचा नियम सैल आहे. कथा पुरते पण कादंबरी ताणल्यासारखी वाटते, तर चावीवाल्याला स्वतःची गरज दिलेली नाही. आणि खर्डा बाराव्या प्रकरणाला मेला, तर उतारात काहीच घडत नाही असं तुम्ही धरलंत. उतारात रोज एक माणूस गल्लीत यायचं बंद होतं. तो कोण, आणि तो न आल्यानं कुणाच्या घरी काय अडलं, ते लिहा. सातव्या दिवशी वाहिनीची गाडी येत नाही. नवव्या दिवशी पैसे पाठवणारे हिशोब मागतात. तेराव्या दिवशी नातीला शाळेत ‘निळूची बहीण’ हे नाव पडलेलं असतं, आणि ते आकड्याबरोबर निम्मं होत नाही.

मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा. प्रकाशकाकडं तो डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला जाऊ शकतो आणि त्यात जोडाक्षरं फुटतात. या कादंबरीत ‘नीळ्ळु’ मधला ‘ळ्ळ’ तुटून ‘नीळु’ छापलं गेलं, तर यंत्राची चूक चूकच वाटणार नाही आणि सगळी गाठ सुटून जाईल. तो शब्द जिथं जिथं आला आहे त्या पानांची यादी करा आणि शेवटच्या प्रुफात प्रत्येक जागी बोट ठेवून, मोठ्यानं वाचा. जवळ तेलुगू बोलणारं माणूस असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या.